मध्येच थांबवता येतं का?

जाहिरातीत गरुड होता. गरुडाशी माझं काही वैर नाही. पण नाव चालवण्याच्या खेळाच्या जाहिरातीत सगळा वेळ गरुडच उडत असेल, तर माणसानं विचारावं की नाही, की बाबांनो, नाव कुठाय? गरुड डोंगरावरून उडतो, ढगात शिरतो, ढगातून बाहेर येतो. मग एका म्हाताऱ्या नावाड्याचा डोळा दिसतो, त्या डोळ्यात पाणी येतं, ढोल वाजतात आणि अक्षरं उमटतात : 'नावाडी, भाग दुसरा. अथांग जग. अमर्याद शक्यता. आजच आगाऊ नोंदणी करा.' संपलं.

"छान आहे की गरुड," बायको म्हणाली.

"छानच आहे. पण मला गरुड चालवायचाय का?"

"तुम्हाला काहीही चालवायला दिलं तरी तुमची तक्रार असतेच."

आता यात तक्रार कसली? मी लिफ्ट तपासनीस आहे. इतक्या वर्षांच्या नोकरीत मी एकाही लिफ्टच्या कागदावर फोटो बघून सही केलेली नाही. मी दोर बघतो, ब्रेक बघतो, दार अर्धवट उघडं ठेवून बटण दाबून बघतो. लिफ्ट विकणारेही मला असंच ऐकवतात, 'साहेब, अशी मखमली चालते म्हणून सांगू!' मखमलीचं काय लोणचं घालायचंय? मधल्या मजल्यावर वीज गेली तर काय होतं ते बोला, असं मी त्यांना सांगतो. ते त्यांना आवडत नाही.

तर अशा माणसानं गरुड बघून नोंदणी करावी, ही अपेक्षाच चूक होती.

पहिला 'नावाडी' आमच्या घरी आला तेव्हा ठकू शाळेत होती. ठकू म्हणजे आमची मुलगी. तिला एक भारदस्त नाव आहे, पण ते फक्त बँकेला माहीत आहे. खेळ साधा : एक नदी, एक नाव, खेळणारे दोघं. एकानं नाव हाकायची, दुसऱ्यानं माल चढवायचा आणि उतरवायचा. ठकू हाकायची, मी चढवायचो. पोती, पिंपं, कोंबड्यांचे खुराडे आणि बकऱ्या. वजन एका बाजूला गेलं की नाव कलंडते. वजनाच्या बाबतीत माझा हात धरणारा कुणी नव्हता, हे मी नम्रपणे नमूद करतो. खेळात खोट एकच. तो मध्येच थांबवता यायचा नाही. दाराची बेल वाजो, दूध उतू जावो की बायको हाका मारमारून दमो, नदी आपली वाहतच असायची. एकदा दारात पोस्टमन आला म्हणून मी उठलो आणि सगळ्या बकऱ्या वाहून गेल्या. ठकू जेवणापर्यंत माझ्याशी बोलली नाही.

एरवी तरी ती माझ्याशी कुठं बोलते? किंवा मी तिच्याशी? खरं सांगायचं तर आम्हा बापलेकींना समोरासमोर बसून बोलताच येत नाही. फोनवर तर विचारूच नका. 'जेवलास?' 'हो. तू?' 'हो.' 'बरं.' 'बरं.' मग फोन आधी कोण ठेवतो याची दोघंही वाट बघतो. पण हातात कंट्रोलर आला आणि डोळे नदीला लागले, की काय होतं कोण जाणे, पोरगी बोलायला लागते. गणितात नापास झाल्याचं तिनं मला पोती उतरवताना सांगितलं. एका मुलाबद्दल भोवऱ्यात सांगितलं, आणि ते प्रकरण मिटल्याचं पुढच्या धक्क्यावर. आणि परवा, ऐन बकऱ्या चढवताना, म्हणाली, "बाबा, ती डावीकडे ठेव. मला नोकरी लागली. लांब आहे, दुसऱ्या शहरात."

मी बकरी डावीकडे ठेवली. दुसरं काय करणार?

म्हणजे भाग दुसरा येणार त्याच सुमाराला ठकू जाणार. कंपनीच्या अमर्याद शक्यतांपैकी मला दोनच हव्या होत्या. एक, दोघांना दोन वेगवेगळ्या घरांतून एकत्र खेळता येईल का? दोन, मध्येच थांबवता येतं का? पहिल्याचं उत्तर 'नाही' असेल तर आमचं बोलणं 'जेवलास-जेवलीस'वर येणार होतं, आणि या विचारानं मला खरंच धास्ती वाटत होती. बायकोला तसं म्हटलं तर ती म्हणाली, "मग सरळ बोला ना तिच्याशी." बायकोला सगळं सोपंच वाटतं.

मी कंपनीला विचारणा केली. लगेच उत्तर आलं : 'प्रिय नावाड्या, तुझा उत्साह हेच आमच्या शिडातलं वारं!' मी चाट पडलो. सरकारी नोकरीत केस पिकलेल्या माणसाला एका यंत्रानं अरेतुरे करावं! मी पुन्हा विचारलं, जरा कडक भाषेत. पुन्हा तेच वारं. तिसऱ्यांदा 'वारं नको, उत्तर द्या' असं लिहिलं, तर एक गरुडाचं चित्र आलं.

फोनवर या खेळाच्या चाहत्यांचा एक गट आहे, 'वल्हेकरी' नावाचा. ठकूनंच मला त्यात घातलं आणि नंतर पस्तावली. तिथं तर कहर चालला होता. कुणी म्हणे नव्या भागात मगरी आहेत, कुणी म्हणे नदीच नाही, नुसता डोंगर आहे. एकानं जाहिरातीतल्या म्हाताऱ्याचा डोळा मोठा करून त्यात दोन नावांचं प्रतिबिंब शोधून काढलं. 'दोन नावा! म्हणजे दोन घरं!' मला इतका आनंद झाला की मी ते चित्र घेऊन शेजारच्या डॉक्टरांकडे धावलो.

डॉक्टरांनी चष्मा वर करून पाहिलं. "मोतीबिंदू वाटतोय," ते म्हणाले. "बघून घ्यायला सांगा त्यांना." आमचे डॉक्टर दातांचे आहेत, म्हणून मी ते फारसं मनावर घेतलं नाही.

पण दार उघडं होतं आणि जिन्यात आमचे सेक्रेटरी उभे होते. आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरींना पाण्याच्या टाकीपासून परराष्ट्र धोरणापर्यंत कुठलाही प्रश्न वर्ज्य नाही. सगळं ऐकून घेऊन ते गंभीरपणे म्हणाले, "साहेब, इथंच तुमचं चुकलं. तुम्ही व्यक्ती म्हणून विचारलंत. व्यक्तीला कोण विचारतो? लेटरहेडवर जाऊ द्या!"

"सोसायटीच्या लेटरहेडवर? व्हिडिओ गेमसाठी?"

"रहिवाशाची अडचण ती सोसायटीची अडचण."

मग कमिटीची बैठक बसली. त्या बैठकीत टाकी राहिली बाजूला आणि नदीवर चर्चा झाली. खालच्या मजल्यावरच्या हेडबाईंनी खेळात शुद्धलेखन कसं आहे ते विचारायला सांगितलं. डॉक्टरांना, खेळताना माणसं दातओठ खातात का, हे हवं होतं. ज्यांनी आयुष्यात कंट्रोलर हातात धरला नव्हता, त्या सर्वांनी हात वर करून ठराव मंजूर केला. पत्राचा विषय सेक्रेटरींनी स्वतः लिहिला : 'प्रत्यक्ष पाहणीसाठी परवानगी मिळणेबाबत.' आणि सहीखाली मला न विचारता माझा हुद्दा टाकला, 'लिफ्ट तपासनीस'. वर शिक्का हाणला.

"याचा इथं काय संबंध?" मी विचारलं.

"हुद्दा असला की कागद हलतो, साहेब."

कागद असा हलला की मी थक्क झालो. माझ्या तीन विचारणांना वारं पाठवणाऱ्या कंपनीचा थेट फोन आला. व्यवस्थापक स्वतः बोलत होते आणि त्यांचा आवाज थोडा कापत होता. "कधीही या, साहेब. आमच्याकडे सगळं अगदी सुरळीत आहे." मला वाटलं, लेटरहेडचा काय दरारा आहे! वल्हेकऱ्यांनी मला एकमतानं प्रतिनिधी नेमलं. 'काका, मगरीचं विचारा', 'काका, गरुडावर बसता येतं का ते विचारा' अशा फर्मायशींनी फोन तापला.

"बाबा, तू खरंच जाणारेस?" ठकू कपाळाला हात लावून म्हणाली. "मला इतकी लाज वाटतेय ना!"

मी बूट घालून दाराशी गेलो तेव्हा ती मागून आली आणि हळूच म्हणाली, "दोन घरांचं विचारशील ना?"

कंपनीचं ऑफिस एका फर्निचरच्या दुकानावर, पाचव्या मजल्यावर होतं. व्यवस्थापक टाय लावून खाली रस्त्यावर उभे. मी आणि माझ्याबरोबर हट्टानं आलेले सेक्रेटरी दिसताच त्यांनी आम्हाला जवळजवळ ओढतच लिफ्टपाशी नेलं. लिफ्टला ताज्या रंगाचा वास येत होता. आत नवा आरसा होता, खाली गालिचा होता, आणि कोपऱ्यात चक्क फुलदाणी. लिफ्टमध्ये फुलदाणी मी जन्मात पाहिली नव्हती.

"बसून बघा ना, साहेब! मी आपला व्यायाम म्हणून जिन्यानं येतो," असं म्हणून त्यांनी एका तरुण बाईंना आमच्याबरोबर आत ढकललं. "या आमच्या मुख्य रचनाकार. 'नावाडी' यांनीच बनवलाय."

इथं माझं डोकं फिरलं. ज्या बाईंनी ती नदी केली, त्या बकऱ्या केल्या, त्या माझ्या शेजारी उभ्या! दार लागताना 'खट्' असा आवाज यायला हवा, तो 'टक' असा आला. तो फरक मला झोपेतसुद्धा कळतो. व्यवस्थापक व्यायाम म्हणून जिन्यानं येतो यातच सगळं आलं होतं. दुसरा कुठलाही दिवस असता तर मी तिथल्या तिथे बाहेर पडलो असतो. पण त्या दिवशी मी आरसा आणि फुलदाणी बघत आतच उभा राहिलो.

तिसऱ्या आणि चौथ्या मजल्याच्या मध्ये लिफ्ट थांबली. दिवा गेला, एक बारका पिवळा दिवा लागला.

"साहेब," सेक्रेटरी माझा दंड धरून म्हणाले, "तुम्ही लिफ्ट तपासनीस ना?"

"हो."

"मग तपासा की!"

"आतून तपासत नाहीत हो."

जिन्यातून व्यवस्थापकांचा आवाज आला. "काळजी करू नका! सगळं उत्तम आहे! फारच छान चाललंय!"

"किती वेळ लागेल?" मी ओरडलो.

"लवकरच!"

रचनाकार बाई भिंतीला पाठ लावून उभ्या होत्या. चेहरा पांढराफटक पडला होता. "काका," त्या म्हणाल्या, "मला खरं सांगा. पडेल का ही?"

"नाही पडणार," मी म्हटलं. "समजा दोर तुटले, तरी खाली जबडे आहेत, ते रूळ पकडतात. तिच्या दाराचा संपर्क सैल झालाय, म्हणून तिला वाटतंय की दार उघडं आहे, म्हणून ती थांबलीय. थांबली ते बरोबरच केलं तिनं. मेकॅनिक यायला वेळ लागेल. उकडेल. पण हवा येत राहणार, ती वरची जाळी बघा. बाहेर पडताना थोडं चढावं लागेल आणि कपडे खराब होतील."

बाईंनी मोठा श्वास घेतला आणि गालिच्यावर फुलदाणीशेजारी बसकण मारली. "हुश्श! आता भीती नाही वाटत. हे असं कुणी सांगत का नाही?"

"बाई, मी तेच विचारायला आलोय तुमच्याकडे!"

मग मी विचारलं. त्यांनी एकदा वर जाळीकडे पाहिलं आणि सांगून टाकलं. दोन घरांतून एकत्र खेळायची सोय केली होती, पण जमली नाही. एका घरी नाव धक्क्याला लागलेली दिसायची, दुसऱ्या घरी भोवऱ्यात. बकऱ्या पाण्यावरून चालत जायच्या. शेवटी ती काढून टाकली.

"मग तसं सांगायचं ना लोकांना."

"जाहिरातवाले म्हणतात, 'नाही' हा शब्द जाहिरातीत शोभत नाही. म्हणून मग गरुड घातला."

"आणि गरुडावर बसता येतं का? आमच्या गटातल्यांनी विचारलंय."

"काका, खेळात गरुडच नाहीये."

मला हसू यायला हवं होतं, पण आलं नाही. वाईट वाटलं, फार वाईट वाटलं. त्या पिवळ्या उजेडात मी त्या अनोळखी बाईंना ठकूचं सगळं सांगितलं. नापास झालेलं गणित, भोवऱ्यातला मुलगा, डावीकडची बकरी. सेक्रेटरीसुद्धा मध्ये एक शब्द बोलले नाहीत.

बाई म्हणाल्या, "दुसरा प्रश्न काय होता तुमचा?"

"मध्येच थांबवता येतं का?"

त्या एकदम हसल्या. "येतं! कुठंही येतं. भर भोवऱ्यात येतं. पहिल्या भागावरून माझ्या आईनं मला इतकं फैलावर घेतलं होतं, की यावेळी तेच आधी केलं." मग चेहरा पाडून म्हणाल्या, "पण काका, हे कुणाला सांगू नका हं. आम्ही सांगेपर्यंत तरी. माझी नोकरी जाईल."

मी शब्द दिला. सेक्रेटरींनी तर गळ्याची शपथ घेतली.

मेकॅनिकनं दार फाकवलं आणि आम्हाला एकेकाला वर खेचलं. आधी बाई, मग सेक्रेटरी, मग फुलदाणी आणि शेवटी मी, गुडघ्यांवर रांगत. समोर व्यवस्थापक हात जोडून उभे. "साहेब, तपासणीची तारीख उलटून गेली हे मान्य. पण शेरा जरा सांभाळून द्या."

तेव्हा कुठं माझ्या डोक्यात प्रकाश पडला. या माणसानं शिक्क्यातला हुद्दा वाचून रातोरात लिफ्ट रंगवली होती! मी कपडे झटकत म्हटलं, "लिफ्ट बंद ठेवा. दाराचा संपर्क बदला, मग रीतसर तपासणी करून घ्या. आणि मी लिफ्टसाठी आलोच नव्हतो."

"मग कशासाठी आला होतात?"

"बकऱ्यांसाठी."

त्यांनी सेक्रेटरींकडे पाहिलं. सेक्रेटरींनी मान डोलावली.

सेक्रेटरींनी शपथ मात्र पाळली. खेळाबद्दल अवाक्षर काढलं नाही, कारण लिफ्ट तपासनीस लिफ्टमध्ये अडकला आणि आपण त्याला धीर दिला, हे सांगण्यातून त्यांना फुरसतच मिळेना. दुसऱ्या दिवशी माझ्या ऑफिसात टेबलावर कुणीतरी फुलदाणी आणून ठेवली होती. मी ती उचलून कपाटामागे ठेवली.

पण ते नंतरचं. घरी पोचलो तर ठकू दारातच.

"विचारलंस?"

"विचारलं."

"मग?"

"मी शब्द दिलाय. सांगता येत नाही."

तिनं माझ्याकडे नीट पाहिलं. "नाहीये ना?"

"मी काही बोललो का?"

"बाबा, असतं तर शब्द दिलाय हेही विसरून तू जिन्यातूनच ओरडत आला असतास." ती आत जाऊन बॅग भरायला लागली. मी दाराशी उभा राहून काहीतरी बोलायचा प्रयत्न केला आणि शेवटी, "जेवलीस?" एवढंच म्हणालो.

वल्हेकऱ्यांनी तर मला सळो की पळो करून सोडलं. 'काका फुटले', 'काकांना गरुड मिळाला' इथपर्यंत मजल गेली. मी दात आवळून सहन केलं. ते डॉक्टरांनी पाहिलं आणि तसं करू नका म्हणून बजावलं.

आणि मग, ठकू जायच्या आदल्या दिवशी, कंपनीचं निवेदन आलं. वर ना गरुड, ना ढोल. रचनाकार बाईंनी स्वतःच्या नावानं लिहिलं होतं : 'दोन घरांतून एकत्र खेळता येत नाही. प्रयत्न केला, जमलं नाही, माफ करा. मगर आहे, पण एकच. गरुड नाही. खेळ कुठंही मध्येच थांबवता येतो. आमची लिफ्ट सध्या बंद आहे, त्यामुळे दुरुस्त्यांना थोडा उशीर होईल.'

आता गंमत बघा. जे वल्हेकरी बहिष्काराच्या गोष्टी करत होते, ते वेडे झाले. 'नाही म्हणाले! सरळ नाही म्हणाले!' अशा आरोळ्या ठोकत सगळ्यांनी नोंदणी केली. मला काकांचे काका अशी पदवी मिळाली. बाईंची नोकरी गेली नाहीच, उलट जाहिरातीचं काम त्यांच्याकडे आलं, असं कळलं. मला बरं वाटलं. मी पण नोंदणी केली, दोनदा. एक ठकूच्या नव्या पत्त्यावर. का, ते मलाही नीट सांगता आलं नसतं.

ठकू गेली. घर एकदम मोठं वाटायला लागलं. खेळ आला त्या रविवारी मी एकटाच बसलो. हाकायचंही मीच आणि चढवायचंही मीच. पोती चढवेपर्यंत नाव वाहत गेली आणि काठात घुसली.

तेवढ्यात फोन वाजला.

"जेवलास?"

"हो. तू?"

"हो."

"बरं."

"बाबा, तुझी नाव कुठाय?"

"काठाला. म्हणजे काठात."

"माझ्या बकऱ्या बुडाल्या रे."

"सगळ्या एका बाजूला ठेवल्यास ना?"

"ते तू बघायचास!"

मी फोन स्पीकरवर टाकून उशीवर ठेवला. तिची नदी तिच्या घरी, माझी माझ्या. ती मला काठातून नाव कशी काढायची ते सांगायला लागली, मी तिला पोती कशी लावायची ते. तिची नाव जेमतेम सरळ झाली, माझी पुन्हा घुसली. मजा यायला लागली होती.

"बाबा, जरा थांबव ना," ती मध्येच म्हणाली.

मी थांबवलं. तिकडे तिनंही थांबवलं असणार, कारण पाण्याचा आवाज बंद झाला. समोर नदी जागच्या जागी उभी. बघायला काही नाही, हाताला काही काम नाही. मला घाम फुटला.

"मला इथं करमत नाहीये," ठकू म्हणाली.

डावीकडे ठेवायला बकरी नव्हती. मग मला बोलावंच लागलं.

"मलाही नाही करमत गं," मी म्हटलं.

त्यानंतर ती बोलत सुटली. खोलीतला गळका नळ, ऑफिसातली करकरणारी खुर्ची, एकटीनं जेवायचा कंटाळा, आणि समोरच्या टेबलावरची एक मुलगी, जी बहुतेक मैत्रीण होईल. मी पण काय काय सांगितलं. कपाटामागे लपवलेल्या फुलदाणीचं सांगितलं, तर पोरगी हसून हसून बेजार झाली.

"अहो!" स्वयंपाकघरातून बायकोची हाक आली. "केव्हाची हाका मारतेय! आता येतं ना ते मध्येच थांबवता?"

मी समोर पाहिलं. पडदा आपोआप विझून कधीच काळा झाला होता.

"थांबवलंय केव्हाचं," मी ओरडून सांगितलं. "तूच ये इकडे. ठकू बोलतेय."